वजनकाट्याआधीची पाच वर्षं

प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळ जन्मलं की त्याला पुसतात, आईच्या उरावर ठेवतात आणि थोड्या वेळानं काट्यावर ठेवतात. आकडा २५०० ग्रॅमच्या पुढे गेला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. त्याच्या अलीकडे थांबला तर नोंदवहीत ‘कमी वजनाचं बाळ’ असा शेरा पडतो आणि धावपळ सुरू होते. बाळाला ऊब द्या, दर दोन तासांनी पाजा, आशाताईंना घरी भेटी द्यायला सांगा, गरज पडली तर जिल्हा रुग्णालयात हलवा. अडीच किलोची ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलेली आहे. रेघेखालच्या बाळाला जंतुसंसर्गाचा, अंग गार पडण्याचा आणि पुढे खुरटण्याचा धोका जास्त असतो.

नोंदवहीच्या त्याच ओळीत आणखी एक रकाना असतो, आईच्या वयाचा. तिथे बऱ्याचदा ‘१९’ लिहिलेलं असतं. मराठवाड्यात आरोग्यसेवेत काम केलेल्या माणसाला हा आकडा वाचताना दोनदा विचार करावा लागतो. समोरच्या खाटेवरची मुलगी एकोणीसची दिसत नाही. वय सांगणारी सासू नजर चुकवते. काट्यावरचा आकडा खरा असतो, वयाचा असेलच असं नाही. या दोन आकड्यांचं नातं मात्र घट्ट आहे. काट्यावर जे उतरतं त्याची सुरुवात अनेकदा पाच वर्षं आधी, एखाद्या घाईनं उरकलेल्या साखरपुड्यात झालेली असते.

जालना जिल्ह्याच्या आरोग्याचं बोलताना आपण डॉक्टरांच्या रिकाम्या जागा, रुग्णवाहिका आणि औषधं यांची चर्चा करतो. ती हवीच. पण बाळाचं वजन कमी का भरतं, या प्रश्नाचं अर्धं उत्तर दवाखान्याच्या भिंतीबाहेर आहे. ते शोधायला वैद्यकशास्त्राला मानवी वर्तनाच्या अभ्यासाची सोबत घ्यावी लागते.

एका शरीरात दोन वाढी

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीची पाळी सुरू झालेली असते, म्हणून ती ‘मोठी झाली’ असं घरात म्हणतात. शरीराच्या हिशेबात ती अजून वाढतच असते. हाडांमध्ये कॅल्शियम साठत असतं, कमरेचा घेर पूर्ण व्हायचा असतो. दर महिन्याच्या पाळीत लोह जातं आणि वाढत्या अंगाला तेच लोह जास्त लागतं. या काळात गर्भ राहिला तर त्याच ताटातल्या भाकरीवर दोन वाढत्या जिवांचा हक्क येतो. मुळात ताट अपुरं असेल तर आई आणि बाळ दोघंही उपाशी राहतात. बाळ हलकं जन्मतं, आईची उंची आणि रक्त दोन्ही मागे पडतं. बाळंतपण अडण्याची भीती वाढते ती वेगळीच.

याचा देशव्यापी पडताळा २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’ समूहाच्या बाल आणि किशोर आरोग्याला वाहिलेल्या नियतकालिकात आला. आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेच्या फुओंग हाँग न्गुयेन आणि सहकाऱ्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातल्या ६० हजारांवर माय-लेकरांच्या जोड्या तपासल्या. किशोरवयात आई झालेल्या मुलींच्या लेकरांमध्ये खुरटलेपणाचं प्रमाण प्रौढ मातांच्या लेकरांपेक्षा १० टक्के-अंकांनी जास्त निघालं. संशोधक तिथे थांबले नाहीत. लहान वयाचा परिणाम बाळापर्यंत कोणत्या वाटांनी पोचतो, तेही त्यांनी पाहिलं. या आया उंचीनं कमी होत्या, वजनानं हलक्या होत्या आणि त्यांना रक्तक्षय जास्त होता. त्यांचं शिक्षण कमी होतं, घरची परिस्थिती बेताची होती आणि गरोदरपणातल्या तपासण्याही त्यांच्या वाट्याला कमी आल्या होत्या. म्हणजे वयाचं ओझं शरीरावर पडतं, तसंच शाळेवर, संसारावर आणि दवाखान्याच्या पायरीवरही पडतं.

आकडा काय सांगतो

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. चौथ्या फेरीत हेच प्रमाण २६.३ टक्के होतं. राज्य पुढे सरकलं आहे. पण राज्याच्या सरासरीत मुंबईही आहे आणि जालन्यातला मंठाही आहे. पाचव्या फेरीत परभणीत हा आकडा ४८ टक्के, बीडमध्ये ४३.७ टक्के आणि जालन्यात ३५ टक्क्यांच्या आसपास होता. जालन्यात दर तीन मुलींपैकी किमान एक, असा याचा अर्थ.

प्रश्न २० ते २४ वयाच्या स्त्रियांनाच का विचारतात, हे समजून घ्यायला हवं. पंधरा वर्षांच्या अविवाहित मुलीचं लग्न पुढच्या वर्षी लावलं जाणार की नाही, हे आज कुणालाच ठाऊक नसतं. तिला मोजलं तर प्रमाण फसवं कमी दिसेल. विशी ओलांडलेल्या स्त्रीच्या बाबतीत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, म्हणून तिचं उत्तर धरतात. त्यामुळे हा आकडा कायम काही वर्षं मागचं बोलतो. आज तेरा वर्षांच्या असलेल्या मुलीचं काय झालं, हे आपल्याला ती विशीत गेल्यावर कळेल. तोवर थांबून चालणार नाही.

‘उजवून टाकली’ या शब्दामागचा हिशेब

‘लोक अडाणी आहेत, म्हणून पोरींची लग्नं लवकर करतात’ हे वाक्य शहरात सहज बोललं जातं. जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात अठरा वर्षांचा कायदा माहीत नसलेला बाप शोधून सापडणं अवघड आहे. भिंतीवर ते रंगवलेलं असतं, पत्रिकेत वय लिहायचं नाही हेही लोकांना कळतं, आणि ‘साखरपुड्यातच लग्न उरकलं’ ही युक्ती कायदा ठाऊक असल्याशिवाय सुचत नाही. माहिती आहे, तरी वागणं बदलत नाही. वर्तनाचा अभ्यास इथूनच सुरू होतो.

बापाच्या जागी उभं राहून पाहू. गावात शाळा सातवी किंवा दहावीपर्यंत. पुढची तालुक्याला, एसटीच्या वेळेवर अवलंबून. वाटेत कुणी छेडलं तर बोल मुलीलाच लागतो. मुलगी जितकी शिकेल तितका शिकलेला नवरा पाहावा लागेल आणि शिकलेल्या नवऱ्याचा हुंडा जास्त. सोळाव्या वर्षी एखादं स्थळ कमी पैशांत ठरत असेल, तर ते सोडून दोन वर्षांनी जास्त कर्ज काढायचं का? त्यातून मुलीनं स्वतःच्या मनानं काही ठरवलं तर गावात मान वर करून चालता येणार नाही, ही भीती सगळ्यांत मोठी. ‘पोरगी उजवून टाकली की मोकळं’ या वाक्यात हा सगळा हिशेब दडलेला असतो. हिशेब क्रूर आहे, पण तो वेडाचा नाही. म्हणूनच नुसत्या उपदेशानं तो खोडला जात नाही.

मराठवाड्यात या हिशेबात उसाची भर पडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या पट्ट्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती ‘कोयत्या’वर मिळते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या गड्याला उचल कमी, जोडीला पूर्ण. म्हणजे लग्न झालं की मुलाच्या घरी कमावणारा कोयता तयार होतो. मुलीच्या घरचा पेच वेगळा असतो. सहा महिने आईबाप फडात, तिला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? सोबत न्यावी तर फडातल्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नसतं. दोन्ही वाटा बंद दिसल्या की तिसरी वाट लग्नाची उरते.

दुष्काळ पडला की बालविवाह वाढतात, असं आपण गृहीत धरतो. लुसिया कोर्नो, निकोल हिल्डेब्रांट आणि अलेसांड्रा वोएना या अर्थशास्त्रज्ञांनी आफ्रिका आणि भारतातली पावसाची आणि लग्नांची आकडेवारी ताडून पाहिली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष विचारात पाडणारा आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दुष्काळाच्या वर्षी लहान मुलींची लग्नं वाढतात. भारतात ती सरासरीनं कमी होतात. तिकडे मुलाकडचे मुलीच्या बापाला धन देतात, म्हणून अडचणीत बाप मुलीचं लग्न लावून पैसा उभा करतो. इकडे हुंडा मुलीच्या बापाला द्यावा लागतो, म्हणून हात रिकामा असला की लग्न लांबतं. संकट एकच, पण रिवाज उलटा असला की माणसं उलट वागतात. देशाच्या या सरासरीत स्थलांतराचं दुःख वेगळं दिसत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यानं जे सोसलं त्यात हुंड्याला पैसा नव्हता हे जितकं खरं, तितकंच मुलीला मागे ठेवून फडावर जायची हिंमत नव्हती हेही खरं. म्हणून उपाय शोधताना देशाची सरासरी कामाची असली तरी गावाचा हिशेब गावातच मांडावा लागतो.

पाचोडची संध्याकाळ

असा हिशेब जिथे मांडला गेला ते ठिकाण जालना जिल्ह्याच्या शिवेवरच आहे. अंबड तालुक्याला लागून असलेल्या पैठण तालुक्यात पाचोड नावाचं मोठं गाव आहे. तिथली ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट’ ही संस्था डॉ. अशोक दयालचंद यांच्या नेतृत्वाखाली दीर्घकाळ ग्रामीण आरोग्याचं काम करते आहे. माता आणि बालकांच्या आजारांवर काम करताना या मंडळींना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. आजार बाळंतपणात दिसतो, पण त्याचं मूळ मुलीच्या लग्नाच्या वयात आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन’ या संशोधन संस्थेबरोबर एक प्रयोग हाती घेतला. तो साधा आणि महाराष्ट्राच्या मातीतला होता. गावात मुलींसाठी संध्याकाळचा वर्ग भरवायचा.

वर्ग अविवाहित किशोरी मुलींचा. आठवड्याच्या कामाच्या दिवशी रोज एक तास, वर्षभर, एकूण २२५ तास. शाळा सुटलेल्या आणि शेतावर राबणाऱ्या मुलींना येता यावं म्हणून वेळ संध्याकाळची. शिकवणाऱ्या बाया त्याच गावातल्या, किमान सातवी शिकलेल्या. अभ्यासक्रमात आरोग्य, बाळाचा आहार आणि पाळीची माहिती होती. त्याबरोबर ग्रामपंचायत कशी चालते, बँकेत आणि पोस्टात काय काम असतं, घरात आपलं म्हणणं कसं मांडायचं, रागावर आणि भीतीवर ताबा कसा ठेवायचा, हेही होतं. ‘लवकर लग्न करू नका’ हा धडा त्यात मुख्य नव्हता. मुलीला स्वतःच्या अंगाची, गावाची आणि बोलण्याची ओळख करून देणं हा गाभा होता.

विज्ञानाच्या दृष्टीनं खरा प्रश्न पुढचा. वर्ग झाला आणि लग्नाचं वय वाढलं, एवढ्यानं वर्गामुळे वाढलं असं म्हणता येत नाही. त्या काळात सगळीकडेच वय वाढत असेल, तर श्रेय वर्गाला कसं द्यायचं? म्हणून संशोधकांनी वर्ग नसलेली, पण इतर बाबतींत सारखी गावंही तुलनेला घेतली. १९९७ ते २००१ या काळात वर्गाच्या गावांमध्ये अठराच्या आत होणाऱ्या लग्नांचं प्रमाण ८०.७ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर आलं. तुलनेच्या गावांमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. वर्गाच्या गावांत लग्नाचं मध्यक वय १६ वरून १७ झालं. वर्ग पूर्ण करणाऱ्या मुलींच्या तुलनेत, वर्ग नसलेल्या गावांतल्या मुलींचं अठराच्या आत लग्न होण्याची शक्यता चौपट होती.

एक वर्षाचा फरक ऐकायला लहान वाटतो. सोळा आणि सतरा या वयांमध्ये मुलीच्या शरीरात आणि मनात जे घडतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना तो लहान वाटणार नाही. या निकालाची मर्यादाही सांगायला हवी. वर्ग शेवटपर्यंत पूर्ण करणाऱ्या मुलींच्या घरचे मुळातच थोडे मोकळ्या मनाचे असू शकतात, त्यामुळे ‘चौपट’चा सगळा मान वर्गाला देता येत नाही. पण अख्ख्या गावांचं प्रमाण सुमारे १९ टक्के-अंकांनी उतरणं आणि शेजारच्या गावांचं जागेवर राहणं, हा पुरावा मोलाचा आहे.

चार लोकांचं शास्त्र

एका तासाच्या वर्गानं बापाचा हिशेब कसा बदलला असेल? इथे ‘सामाजिक रूढी’ या विषयातलं संशोधन मदतीला येतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या क्रिस्टिना बिचिएरी यांनी रूढीची उकल दोन अपेक्षांमध्ये केली आहे. बाकीचे लोक कसे वागतात असं मला वाटतं, ही पहिली. मी कसं वागावं असं लोकांना वाटतं, असं मला वाटतं, ही दुसरी. आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्दप्रयोग आहे: ‘चार लोक काय म्हणतील?’ गंमत अशी नाही, शोकांतिका अशी आहे, की त्या चौघांनाही मनातून आपल्या मुलीचं लग्न लांबवायचं असू शकतं. प्रत्येक जण उरलेल्या तिघांना घाबरून गप्प असतो. खाजगीत नको असलेली रूढी अशा रीतीनं चव्हाट्यावर टिकून राहते.

रूढी मोडायची तर माणसाला एकट्यानं धाडस करायला सांगून भागत नाही. एकटा बाप थांबला की गाव विचारतं, ‘पोरीत काही खोट आहे का?’ पाच-पन्नास घरांना एकाच वेळी, एकमेकांच्या डोळ्यांदेखत थांबता आलं पाहिजे. माझ्या मते पाचोडच्या वर्गाची खरी ताकद इथे होती. रोज संध्याकाळी गावातल्या पंधरा-वीस पोरी वह्या घेऊन एका ठिकाणी जमताना गाव पाहत होतं. तेरा ते अठरा हा काळ लग्नाची वाट पाहण्याचा नसून शिकण्याचा आहे, हे गावाला रोज दिसत होतं. स्थळ घेऊन आलेल्या सोयऱ्याला सांगायला बापाकडे एक मानाचं कारण होतं: ‘पोरीचा वर्ग चालू आहे.’

या अंदाजाला दूरच्या एका प्रयोगाचा आधार मिळतो. दक्षिण बांगलादेशात नीना बुखमन, एरिका फील्ड, रेचल ग्लेनर्स्टर आणि सहकाऱ्यांनी गावांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडले. काही गावांत मुलींसाठी सहा महिन्यांचे वर्ग ठेवले, काही गावांत मुलगी अविवाहित असेपर्यंत घराला ठरावीक काळानं स्वयंपाकाचं तेल दिलं. तेल मिळालेल्या गावांत अठराच्या आतली लग्नं सुमारे एक पंचमांशानं घटली. नुसत्या वर्गांनी मुलींचं शिक्षण वाढलं, पण लग्नाचं वय वाढलं नाही. काही लिटर तेलासाठी कुणी मुलीचं लग्न थांबवत नाही. संशोधकांचं स्पष्टीकरण असं, की तेलानं घरांना थांबण्याचं एक उघड, सर्वमान्य कारण दिलं. थांबलेल्या मुलीकडे संशयानं पाहण्याची गरज उरली नाही.

पाचोडला वर्गानं काम केलं, बांगलादेशात वर्गानं केलं नाही, ही विसंगती लपवण्यात अर्थ नाही. वर्षभर रोज भरणारा, गावातल्याच बाईनं चालवलेला, आईबापांना धरून असलेला वर्ग आणि सहा महिन्यांचा वर्ग एक नव्हेत. नावं सारखी असली तरी औषधाची मात्रा वेगळी आहे. सरकारी कागदावर ‘किशोरींना मार्गदर्शन’ म्हणून वर्षातून दोन व्याख्यानं टिकमार्क होतात, तेव्हा ही मात्रा आठवावी.

पैसा, बस आणि कायदा

पैशानं हा प्रश्न सुटेल का? हरियाणानं १९९४ मध्ये ‘अपनी बेटी अपना धन’ योजना आणली. मुलगी अठरा वर्षांपर्यंत अविवाहित राहिली तर रोख्याचे २५ हजार रुपये मिळायचे. पुढे मूल्यमापन झालं तेव्हा योजनेनं लग्नाचं वय फारसं वाढवलेलं दिसलं नाही. अनेक घरांनी त्या रकमेकडे लग्नखर्चाची सोय म्हणूनच पाहिलं होतं. महाराष्ट्राची ‘लेक लाडकी’ योजना १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींना टप्प्याटप्प्यानं एकूण १ लाख १ हजार रुपये देते. पहिली, सहावी आणि अकरावीत हप्ते आहेत, ही तिची जमेची बाजू, कारण पैसा शाळेच्या पायऱ्यांना बांधलेला आहे. सर्वांत मोठा ७५ हजारांचा हप्ता अठराव्या वर्षी आहे. तो शिक्षणाला लागतो की मांडवाला, हे गावानं मुलीची किंमत कशात धरली आहे त्यावर ठरेल. आणि आज जालन्यात तेरा वर्षांच्या असलेल्या मुली या योजनेत बसतच नाहीत. पहिल्या लाभार्थी मुली अठराच्या होतील २०४१ मध्ये.

अंतर कमी करणं हा उपाय जास्त भरवशाचा आहे. बिहारनं २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली आढळली, आणि फायदा मुख्यतः शाळेपासून लांबच्या गावांना झाला. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या हेच काम करतात. एका बसमधून तीस मुली गणवेशात जाताना दिसल्या की ते गावाच्या डोळ्यांना वळण लावतं. ही बस महिनाभर बंद पडली तर ते नुसतं वाहतुकीचं दुखणं राहत नाही, त्यात दोन-चार मुलींची शाळा कायमची सुटते.

कायद्याचा प्रवास मोठा आहे आणि त्याची सुरुवात मराठी घरातून झाली. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जायचं नाकारलं. १८८४ मध्ये खटला उभा राहिला. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असं न्यायालयानं १८८७ मध्ये बजावलं, तरी त्या बधल्या नाहीत. पुढे इंग्लंडला जाऊन १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी अनेक वर्षं स्त्रियांवर उपचार केले. त्यांच्या खटल्यानं पेटलेल्या वादातून १८९१ चा संमतिवयाचा कायदा पुढे आला, १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीचं किमान वय १४ केलं, १९७८ मध्ये ते १८ झालं आणि २००६ मध्ये आजचा बालविवाह प्रतिबंधक कायदा आला. गावात ग्रामसेवक हा या कायद्याखालचा प्रतिबंध अधिकारी आहे आणि १०९८ या क्रमांकावर कुणालाही कळवता येतं.

कायद्याची एक दुखरी बाजू आरोग्य केंद्रात दिसते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठराच्या आतली मुलगी गरोदर आढळली तर रुग्णालयानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हेतू मुलीच्या रक्षणाचा आहे आणि तो योग्यच आहे. पण लग्न झालेल्या सोळा वर्षांच्या मुलीच्या घरचे या भीतीनं पहिल्या तीन महिन्यांत नोंदणीच करत नाहीत, लोहाच्या गोळ्या आणि रक्ततपासणी हुकते, आणि शेवटी प्रसूतीला येताना वय १९ सांगतात. म्हणजे जिला देखरेखीची सर्वांत जास्त गरज, तीच यंत्रणेच्या नजरेआड राहते. म्हणून कायद्याचा हात लग्न ठरण्याआधी पोचायला हवा. लग्न होऊन गेल्यावर तो बऱ्याचदा मुलीलाच लपायला लावतो.

जालन्यानं काय करावं

हे सगळं संशोधन एकत्र वाचलं तर जालन्यासाठी वाट दिसते आणि तिला नवी इमारत लागत नाही. प्रत्येक गावात अंगणवाडी आहे, आशाताई आहेत, बचत गट आहेत, बारावी झालेल्या सुना आहेत. संध्याकाळी एक तास खोली उघडणं, एका बाईला मानधन देणं आणि वर्षभर हजेरी सांभाळणं हे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं आहे. ऊसतोडीच्या गावांत हंगामी वसतिगृहं टोळ्या निघण्याआधी सुरू व्हायला हवीत, नंतर नव्हे. २०२१ मध्ये ४१ तालुक्यांसाठी ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा योजना मंजूर झाली. त्यातली मुलींची वसतिगृहं आईबापांना विश्वास वाटेल अशी चालली, तर ‘पोरीला ठेवायची कुठं’ हा प्रश्नच मिटतो. मुलग्यांशीही बोललं पाहिजे, कारण सोळा वर्षांच्या मुलीशी लग्न करायला वीस-बावीस वर्षांचा मुलगा बोहल्यावर उभा राहतो, तोही कुणाचा तरी शिकलेला लेक असतो.

आणि वाचकानं? गावाकडच्या लग्नाची पत्रिका आपल्या सगळ्यांच्याच घरी येते. मुलगी लहान आहे हे आपल्याला माहीत असतं, तरी आपण आहेर घेऊन जातो, अक्षता टाकतो, जेवून येतो. ‘चार लोक काय म्हणतील’ या भीतीतले चार लोक म्हणजे आपणच आहोत. लग्न ठरताना, सुपारी फुटायच्या आधी, ‘अजून दोन वर्षं थांबा, पोरीला शिकू द्या’ एवढं आपण मोठ्यानं म्हटलं, तर थांबू पाहणाऱ्या बापाला एक सोबती मिळतो.

जालना जिल्ह्यात आज तेरा वर्षांची असलेली मुलगी पाच वर्षांनी अठरा वर्षांची होईल. त्या पाच वर्षांतले २२५ तास गावानं तिच्यासाठी राखून ठेवावेत. बाळाच्या वजनाची चिंता तिथून सुरू करावी.